बँकॉकमध्ये राहतेय, पण अजून मॉलमधूनच भाजी आणतेय. तिथल्या बाजारात जायची सुरुवात कशी करू?

केळफूल

नमस्कार मंडळी. नवऱ्याची बदली झाली म्हणून बँकॉकला आलो त्याला आता अडीच महिने होतील. मुलगी सहा वर्षांची आहे, राहायला ऑन नुतच्या बाजूला. बिल्डिंगच्या खालीच सुपरमार्केट आहे, तिथे सगळं स्वच्छ, गुंडाळलेलं, स्टिकर लावलेलं मिळतं आणि खरं सांगू का, अडीच महिने मी तेवढंच करतेय, खाली जायचं, ट्रॉली भरायची, वर यायचं. आणि घरापासून दहा मिनिटांवर छपराखालचा एवढा मोठा बाजार आहे, रोज मुलीला शाळेच्या बसला सोडून येताना त्याच्यावरून जाते, आतून कोथिंबिरीचा आणि ओल्या नारळाचा वास येतो आणि माझा पाय घोटाळतो पण आत जात नाही.

एकदा गेले होते. लाल मिरच्यांचा ढीग होता, पाटीवर ८ लिहिलेलं, मला वाटलं किलोला ८ बाट, एवढं स्वस्त! अर्धा किलो द्या असं हाताने सांगितलं. त्या बाईंनी पिशवी बांधून ४० बाट मागितले. मी ८ च्या पाटीकडे बोट दाखवलं, त्या काहीतरी समजावत होत्या, मागे लोक उभे, मला काही कळेना, शेवटी पिशवी तिथेच ठेवून निघून आले. परदेशी बघून जास्त सांगितले असं वाटलं आणि फार वाईट वाटलं, त्यानंतर गेलेच नाही.

माझे प्रश्न असे की
थाई वाचता येत नाही, बोलता तर अजिबात येत नाही, कितपत अडतं?
मी आणि मुलगी शाकाहारी, अंडं चालतं. नवरा सगळं खातो. रस्त्यावरचं आम्हाला काय चालेल?
मुलीला बाहेरचं खायला दिलं तर पोटाचं काय?
आणि तिथे भाव करायचा असतो का?

इथे बसून मॉलमधलंच आणून खायचं तर मग इथे राहतोय याला काय अर्थ, असं रोज मनात येतं, म्हणून विचारतेय. जे राहतायत किंवा राहून आलेत त्यांनी प्लीज सांगा.

---

खिडकीतली_तुळस

केळफूल, आधी त्या मिरच्यांचं सांगते कारण ते वाचून मला राहवलंच नाही. त्या बाईंनी तुम्हाला फसवलं नाहीये हो! इथे मिरच्या, मशरूम, लसूण, मांस अशा गोष्टींचा भाव पुष्कळदा किलोवर नसतो, "खीत"वर असतो. एक खीत म्हणजे १०० ग्रॅम. पाटीवर ८ म्हणजे १०० ग्रॅमला ८, अर्धा किलोचे पाच खीत, पाच आठे चाळीस. बरोबर ४०च मागितले त्यांनी. मलाही पहिल्या महिन्यात हेच झालं होतं आलं घेताना, नंतर शेजारच्या थाई मुलीने समजावलं. आता पाटीवर आकड्याच्या बाजूला काय अक्षर आहे त्याचा फोटो काढून घरी एकदा ओळखायला शिका, किलो आणि खीत एवढी दोनच, पुढे कधीच गोंधळ होत नाही.

मला इथे नववं वर्ष चालू आहे, त्यामुळे जरा लांबण लावते.

बाजार दोन प्रकारचे धरा. एक "तलात सोत", म्हणजे ताजा बाजार, रोजचा, पहाटे सुरू होतो आणि भाजी मासळीचा भाग दुपारपर्यंत आटपत येतो. दुसरा "तलात नत", ठरलेल्या वारी किंवा ठरलेल्या वेळी भरणारा, ऑफिसांच्या जवळ दुपारी जेवणाच्या वेळेला भरतो तो हाच. तुमच्या घराजवळचा पहिल्या प्रकारचा दिसतोय. तिथे सात ते साडेआठच्या मधे जा. साडेअकराला गेलात तर उरलेली भाजी आणि दमलेले लोक, समजावून सांगायला कोणाला वेळ नसतो.

अगदीच धीर होत नसेल तर पहिल्यांदा "ओर तोर कोर"ला जाऊन या. मेट्रोचं कम्फेंग फेत स्टेशन, ३ नंबरच्या गेटने बाहेर आलं की समोरच. चतुचकचा शनिवार-रविवारचा प्रचंड बाजार त्याच्या पलीकडे, पण चतुचक कपडे, कुंड्या, सामान यासाठी, खाण्याचं बघायचं तर ओर तोर कोर. महाग आहे, फरशी कोरडी, फळं मांडलेली असतात ती नुसती बघत राहावीत अशी. तिथे भाज्या बघून घ्या, नावं विचारा, खरेदी नाही केली तरी चालेल. ख्लोंग तोईचा बाजार मात्र एवढ्यात नको, विशेषतः मुलीला घेऊन नको. तो शहरातल्या सगळ्यात मोठ्या बाजारांपैकी एक, जमीन ओली, ढकलगाड्या अंगावर येतात, जिवंत बेडूक, कोंबड्या सगळं समोर. मला तो आवडतो पण मी बंद बूट घालून आणि एकटी जाते.

बाकी घराजवळच्याच बाजाराला धरून राहा हे माझं अगदी मनापासून सांगणं. इथे नवीन आलेले लोक दर रविवारी नवा प्रसिद्ध बाजार बघतात, फोटो काढतात आणि वर्षभरानंतर एकाही भाजीवालीला ते ओळखीचे नसतात. तुम्ही एकच बाई पकडा, आठवड्यातून तीनदा तिच्याकडूनच घ्या. तिसऱ्या आठवड्यात ती तुम्हाला स्वतः सांगते की आज हे घेऊ नको, उद्या चांगलं येईल.

भाषेचं म्हणाल तर आकडे शिका, बाकी हातवारे. "थाउ राय खा" म्हणजे कितीला. बायकांनी शेवटी "खा" म्हणायचं, पुरुषांनी "ख्रप", ते एवढं लावलं तरी समोरच्याचा चेहरा बदलतो. भाजीत आणि खाण्यात भाव करू नका, पाटीवरचाच भाव असतो, त्यांचं मार्जिनही फार नसतं. कपड्यांना करा. सुटे मात्र ठेवा, वीस वीसच्या नोटा, सकाळी सकाळी हजाराची नोट दिली तर बिचारे शेजारच्या गाळ्यावर सुटे मागत फिरतात. इथलं बँक खातं झालं की प्रॉम्प्टपेचा क्यूआर जवळपास सगळीकडे चालतो.

आणि तो नारळाचा वास येतोय ना, त्याच्या मागे जा. नारळवाला असतो, सोललेले नारळ मशीनवर किसतो आणि हवं तर तिथल्या तिथे पिळून "कथी" म्हणजे नारळाचं दूध देतो, पहिलं दाट वेगळं, नंतरचं पातळ वेगळं. नुसतं खोवलेलं खोबरं पण वजनावर देतो. मशीनमधून पांढराशुभ्र ढीग पडत असतो, अजून गार ओलसर. घरी खोवणीवर बसायचं काम नाही.

---

अळूवडी

मी पक्की शाकाहारी, अंडंही नाही, बँकॉकमध्ये चार वर्षं काढली, म्हणून खाण्याचं मी सांगते.

आधी अडचण काय ती नीट समजून घ्या. मांस दिसतं, ते टाळता येतं. न दिसणारं जे असतं ते म्हणजे नाम प्ला, माशाचा सॉस, मिठाच्या जागी तोच. मग ऑयस्टर सॉस, तो परतलेल्या पालेभाजीत जातो. सुकवलेली बारीक कोळंबी, ती सोम ताममध्ये, म्हणजे कच्च्या पपईच्या कुटलेल्या कोशिंबिरीत. आणि कपी, कोळंबीची आंबवलेली पेस्ट, ती करीच्या वाटणातच असते. त्यामुळे "भाजीच आहे" असं दिसलं तरी ते शाकाहारी असेलच असं नाही.

यावर मी जो मार्ग काढला तो असा. ताटांमध्ये आधीच शिजवून ठेवलेल्या करी असतात त्या दुकानात (खाव कॅंग म्हणतात) जायचंच नाही, तिथे काहीच बदलता येत नाही. "आहान ताम संग" अशी दुकानं शोधायची, सांगाल तसं करून देणारी, एक कढई, एक गॅस, समोर भाज्या मांडलेल्या. आहान म्हणजे आपला आहारच बरं का, लिहितात पण शेवटी र लावून, उच्चार मात्र "न" असा करतात. तिथे प्रत्येक प्लेट नव्याने होते त्यामुळे "माइ साइ नाम प्ला" म्हणजे नाम प्ला घालू नका, हे ऐकतात. "माइ साइ" हे दोन शब्द पाठ करा, पुढे जे नको त्याचं नाव लावायचं. सुकी कोळंबी म्हणजे कुंग हॅंग, ऑयस्टर सॉस म्हणजे नाम मन होय. अंड्याला खाय म्हणतात, ते तुम्हाला चालतं म्हणजे तुमचं काम निम्म्याने सोपं.

दुसरं, "जे". पिवळा झेंडा आणि त्यावर लाल अक्षर, लांबून इंग्रजीत सतरा लिहिल्यासारखं दिसतं. ते दिसलं की निर्धास्त बसा. चिनी बौद्ध पद्धतीचं जेवण, मांस मासे अंडं दूध काहीच नाही, आणि कांदा लसूणही नाही. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात नऊ दिवसांचा उत्सव असतो, साधारण सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, तेव्हा यावरातला म्हणजे चायनाटाऊनला जा, रस्ताभर पिवळे झेंडे. एरवी यावरातला सोमवारी जाऊ नका, रस्त्यावरचे बरेच स्टॉल त्या दिवशी बंद असतात. मुलीला आधी सांगून ठेवा की सोयाचे तुकडे हुबेहूब मांसासारखे दिसतात, माझी भाची पहिल्यांदा बघून रडायला लागली होती.

"मांगसवीरत" असाही शब्द ऐकाल, तो म्हणजे मांसविरती! पहिल्यांदा कोणी फोड करून सांगितली तेव्हा अंगावर काटा आला माझ्या, एवढ्या लांब येऊन आपला शब्द भेटला.

सोम ताम खायचं असेल तर एक लक्षात घ्या, ती बाई सगळ्यांचं एकाच मातीच्या उखळीत कुटते. तुमचं नाम प्लाशिवाय कुटलं तरी आधीच्याचा अंश राहतोच. मी उखळ धुवायला सांगायचे, गर्दी नसेल तर धुतात. कोणाला तेवढं चालतं, कोणाला नाही, ते ज्याचं त्याने ठरवायचं.

मुलीसाठी रस्त्यावरचं बिनधास्त: खनोम क्रोक. आप्पेपात्रासारखंच बिडाचं पात्र, खाली तांदळाचं खारट पीठ, वर गोड नारळाचं दाट दूध, त्यावर मका किंवा कांद्याची पात, झाकण ठेवतात, कडा कुरकुरीत होतात आणि मधे थरथरतं राहतं, मग दोन अर्धे चमच्याने काढून एकावर एक ठेवतात. पाच मिनिटं थांबून खायला द्या, आत भयंकर गरम असतं. शिवाय भाजलेली केळी, रताळी, बांबूत शिजवलेला चिकट भात, उकडलेल्या शेंगा. मार्च ते मे आंबा आणि चिकट भात, त्याबद्दल काही बोलत नाही, खाऊनच बघा.

---

तिसऱ्या_शिंपल्या

वरच्या दोन्ही ताईंनी मस्त सांगितलंय, पण यजमान सगळं खातात म्हणालात म्हणून मासळीचं मी घालतो. मी तीन वर्षं होतो तिथे कंपनीच्या कामाला.

बाजारात बांबूच्या छोट्या गोल टोपल्या दिसतील, त्यात दोन तीन मासे मान मोडून बसवलेले, सगळे एकाच दिशेला वाकून. तो "प्ला थू", आपल्या बांगड्याचा सख्खा भाऊ, जरा आखूड आणि रुंद. टोपलीत मावावा म्हणून मान मोडतात. पण हा कच्चा नसतो हे लक्षात घ्या, खाऱ्या पाण्यात आधीच शिजवलेला असतो. मी पहिल्यांदा आणून हळद तिखट लावून ठेवला, नंतर तिरफळं घालून कढी करायला गेलो तर सगळा विरघळून गेला. याला फक्त थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी तांबूस करायचा, बस, सोबत गरम भात.

यजमानांना माशाची आवड असेल तर एका सुट्टीला मे क्लोंगला घेऊन जा, प्ला थूसाठी तेच गाव नावाजलेलं. तिथला बाजार रेल्वेच्या रुळावर भरतो, गाडी यायची वेळ झाली की सगळे छत्र्या आणि ताडपत्र्या मागे ओढतात, गाडी अगदी भाजीच्या टोपल्यांवरून गेल्यासारखी जाते आणि दोन मिनिटांत सगळं पुन्हा जागेवर. गर्दी पर्यटकांची खूप असते हे खरं, पण रुळापासून जरा आतल्या गल्लीत शिरलात की गावातले लोक बाजार करतायत, तिथे घ्या. मी बसने नाही, वोंगवियन याय स्टेशनवरून गाडी, महाछाईला उतरून होडीने नदी ओलांडून पलीकडून दुसरी गाडी असा जायचो. वेळ खूप जातो, पण खिडकीतून मिठागरं दिसतात, मला त्यासाठीच आवडायचं.

आणि प्ला कपोंग म्हणून जो मिळतो ना, पांढरा, तो आपला जिताडा. सहज मिळतो. लिंबू लसूण घालून वाफवलेला खा एकदा. मिठाचा जाड थर लावून आणि पोटात गवती चहा भरून निखाऱ्यावर भाजलेला मासा गाड्यांवर दिसतो तो बहुतेक प्ला निन, म्हणजे तिलापिया. हा मासा तिथला नव्हेच, १९६५ मध्ये जपानच्या तेव्हाच्या युवराजांनी, अकिहितोंनी, थायलंडच्या राजाला ५० मासे भेट दिले, राजवाड्याच्या तळ्यात वाढवले आणि तिथून देशभर गेला. आज गरीबातल्या गरीबाच्या पानात आहे. वरची सालपट मिठासकट सोलून टाकायची, आतलं मांस दुधासारखं.

मासे घ्यायचे तर सातच्या आत जा. बर्फ वितळून पाणी साचलेल्या परातीतला मासा घेऊ नका, मग तो कुठल्याही देशातला असो.

---

केळफूल

बाप रे, किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी! मिरच्यांचं वाचून मला फारच लाज वाटतेय, त्या बाई बरोबर होत्या आणि मी त्यांना तसं टाकून आले. पोटाचं आणि बर्फाचं कोणी सांगेल का? मुलीला ते रंगीत सरबत हवं असतं नेहमी.

---

भरपावसात

मी सांगतो, दोन मुलं तिथे वाढवली आहेत. मधे भोक असलेला नळीसारखा बर्फ कारखान्यातून पिशवीबंद येतो, तो आम्ही चालवून घेतला, काही झालं नाही. लादीवरून फोडलेला असेल तर बर्फाशिवाय मागायचं. नळाचं पाणी तिथले लोकही सहसा पीत नाहीत, तुम्हीही नको. कापलेली फळं काचेच्या गाडीवर बर्फावर ठेवलेली असतात, ती घ्यायची तर समोर कापून मागा, पिशवीत घालून काडी टोचून देतात, सोबत मीठ साखर तिखटाची पुडी. तळणाचं तेल काळं दिसलं की पुढे चला. आणि जिथे शाळेच्या कपड्यातली मुलं उभी असतील तिथे उभे राहा, तिथे माल पडून राहत नाही. मुलीसाठी "माइ फेत", तिखट नको, हे मात्र दोनदा सांगा. सुरुवातीला दिवसाला एकच नवीन गोष्ट द्या म्हणजे काही झालंच तर कशाने झालं ते कळतं.

---

केळफूल

तीन आठवड्यांनी लिहितेय, पण सांगायलाच हवं होतं.

दुसऱ्याच दिवशी मुलीला बसमध्ये बसवून सव्वासातला गेले. त्या मिरचीवाल्या बाई त्याच जागी होत्या. मला ओळखलं की नाही माहीत नाही. मी आकडे पाठ करून गेले होते, "साम खीत" म्हटलं आणि तीन बोटं दाखवली, त्यांनी वजन केलं, आणि मग माझ्याकडे बघून "साम खीत" असं नीट सावकाश परत म्हटलं, माझा सूर चुकला होता तो दुरुस्त करून. मी परत म्हटलं. त्या हसल्या आणि मूठभर आणखी मिरच्या टाकल्या पिशवीत. रबरबँड असा दोन बोटांत फिरवून एका झटक्यात पिशवी बंद करतात ना, ते मी बघतच राहिले, मला अजून जमलेलं नाही.

तेव्हापासून सोमवार बुधवार शुक्रवार त्यांच्याकडेच जाते. शेवगा मिळाला, केळफूल मिळालं, दोडका, चिकू, रायआवळे, आणि शेपू! शेपूला कोथिंबिरीच्याच नावाने ओळखतात, फाक ची लाव, मी कोथिंबिरीची जुडी दाखवत होते तर त्यांनी शेपूही समोर धरला. कप्रावची पानं घरी आणून वास घेतला तर ती तुळसच. मांसात परततात ती इथे सर्रास, पहिल्यांदा बघून कसंतरी झालं खरं, पण आता मीच टोफू आणि मिरचीत परतते, अळूवडीताई, नाम प्लाच्या जागी सोया सॉस घालून. नारळवाल्याकडून दाट कथी आणली आणि त्यात सोलकढी केली, आमसुलं घरून आणलेली होतीच, नवऱ्याने तीन वाट्या प्यायली. प्ला थू त्याने स्वतः तळला, मान मोडलेली बघून मुलीने खूप प्रश्न विचारले.

मुलगी शनिवारी सोबत येते. खनोम क्रोकवाल्या आजी तिला मका जास्त घालून देतात. आता ती बाजारात मोठ्याने आकडे म्हणते आणि आजूबाजूचे गाळेवाले पुढचा आकडा म्हणतात, असं करत करत दोघी विसापर्यंत पोचतो.

एक विचारायचं राहिलं. त्या बाई कोथिंबीर देताना मुळं अजिबात कापू देत नाहीत. मी घरी येऊन कापून टाकते हे मी खुणेने सांगितलं तर त्यांनी माझा हात धरला आणि कुटल्यासारखं करून दाखवलं. मुळांचं करायचं काय?

---

खिडकीतली_तुळस

अहो, अजिबात टाकू नका! मुळं घासून स्वच्छ धुवा, माती खूप असते, दात घासायचा जुना ब्रश ठेवा त्यासाठी. चार मुळं, सहा सात लसूण पाकळ्या, चमचाभर पांढरे मिरे, खलबत्त्यात कुटा, मिक्सर नको, पाणी घालावं लागतं आणि परतताना उडतं. "साम क्लेर" म्हणतात याला, तीन सवंगडी. थोड्या तेलात लसणाचा कच्चा वास जाईपर्यंत परता आणि त्यात टोफू किंवा अंडं, किंवा नुसता शिळा भात घाला. जास्त असतील तर धुऊन कोरडी करून फ्रीजरमध्ये टाका, महिनाभर सहज राहतात. आणि सोमवारी गेलात की त्यांना "साम क्लेर" म्हणून सांगा.